मलिनचा पाला

रविकांत खोब्रागडे यांचा कशावरच पटकन विश्वास बसत नाही, हे आमच्या हॅमिल्टनच्या आंबेडकर मंडळात सगळ्यांना ठाऊक आहे. रविवारी वंदना आटोपून जेवायला बसलं की पहिला घास घ्यायच्या आधी ते ताट जरा वर उचलतात, वास घेतात आणि वाढणारीला विचारतात, "तिखट कुठल्या दुकानातलं?" कोणी रागवत नाही, कारण माणूस मदतीला धावणारा आहे. विंटर टायर्स बदलायला बोलवा, येतील. पण तुम्ही आवळलेला प्रत्येक नट ते स्वतः पुन्हा आवळून बघतील.

ते नागपूरहून सत्त्याण्णव साली आले. इथल्या एका पोलाद कारखान्याच्या लॅबमध्ये चोवीस वर्षं नमुने तपासत होते. भंगार, कोळसा, चुनखडी, ट्रकमधून जे येईल ते. "ट्रकसोबत आलेला कागद खोटं बोलू शकतो," असं ते नेहमी म्हणायचे. त्यांची बायको उमा माझी जुनी मैत्रीण. आम्ही दोघी एकाच बसने इंग्रजीच्या वर्गाला जायचो. पुढचं जे सांगतेय त्यातलं बरंचसं उमाकडून कळलं आणि काही खुद्द रविकांतदादांनी सांगितलं. सांगताना त्यांनी स्वतःची बाजू सावरून घेतली नाही, म्हणून लिहावंसं वाटलं.

दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात त्यांना फ्लू झाला. ताप चार दिवसांत उतरला, पण छातीतला कफ काही हलेना. सकाळी उठल्या उठल्या ते मागच्या अंगणात जाऊन खाकरायला लागायचे. घट्ट, चिकट कफ, अर्धा तास झगडल्यावर कुठे थोडासा सुटायचा. फॅमिली डॉक्टरने एक्स-रे काढला. छाती साफ होती. "व्हायरलनंतरचा कफ आहे. सहा-आठ आठवडे राहतो. पाणी भरपूर प्या."

"एक्स-रे माझाच होता कशावरून?" गाडीत बसताना रविकांतदादा म्हणाले.

उमाने हळद-दूध दिलं, आल्याचा रस दिला, वाफ दिली. एकदा तव्यावर ओवा टाकून धुरी द्यायला गेली, तर स्मोक अलार्म एवढा कोकलला की पलीकडच्या घरातली म्हातारी कोट चढवून बाहेर आली.

ती डोरीन मॅकफी. वय एक्याऐंशी, एकटीच राहायची. नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. ओकव्हिलला एक भाची होती, तेवढीच जवळची. तीस वर्षं तिने एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम केलं होतं. कुंपणावरून हात हलवणं आणि बर्फ पडला की रविकांतदादांनी तिचाही ड्राइव्हवे शोव्हल करणं, एवढीच दोन्ही घरांची ओळख होती. (ती अर्थात इंग्रजीत बोलायची. मी मराठीत सांगतेय.)

अलार्मच्या दुसऱ्या दिवशी ती काचेची बरणी घेऊन दारात उभी राहिली. बरणीत चुरलेला राखाडी-हिरवा पाला होता.

"रोज सकाळी ऐकतेय मी तुमचं खाकरणं," ती म्हणाली. "हा चहा करून प्या. माझी आजी स्कॉटलंडहून येताना ही विद्या घेऊन आली. कफ सुटतो."

"काय आहे हे?" रविकांतदादांनी हात पुढे न करताच विचारलं.

"मलिन."

उमाने बरणी घेतली, आभार मानले आणि आदल्या दिवशी केलेल्या कोथिंबिरीच्या सांबारवड्या डब्यात घालून दिल्या. दार लागल्यावर रविकांतदादा म्हणाले, "मलिन! नावातच सांगून गेली बाई."

"अहो, इंग्रजी नाव आहे ते झाडाचं. काहून असं करता?"

बरणी बेसमेंटमधल्या फळीवर गेली. पण कफ काही जाईना. आठवडाभराने रविकांतदादा स्वतःच डोरीनच्या दारात गेले आणि म्हणाले, "त्या बरणीत काय काय आहे ते मला वेगवेगळं बघायचंय."

डोरीनने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. "माझ्या हातचं रोज चारशे पोरं जेवायची. असं कोणी विचारलं नव्हतं." मग ती बाजूला झाली. "बूट काढ आणि ये आत."

तिच्या घरामागे काचांची पडवी होती. तिथे दोरीवर जुड्या उलट्या टांगून वाळत ठेवलेल्या. तिने एक एक खाली काढून दाखवली. मलिनचं पान हातभर लांब, जाड, दोन्ही बाजूंनी लव असलेलं, लहान बाळाच्या टोपीच्या कापडासारखं मऊ. थाइमची बारीक काडी रविकांतदादांनी चुरून हुंगली आणि चमकले. हुबेहूब ओव्याचा वास. तिसरी होरहाउंड नावाची, तिचं पान जिभेला लावल्याबरोबर त्यांचं तोंड वाकडं झालं, इतकं कडू. चौथं मूळ त्यांनी न विचारताच ओळखलं. ज्येष्ठमध.

"हे मला चालणार नाही," ते म्हणाले. "मला ब्लड प्रेशर आहे."

"बरोबर. माझ्या नवऱ्यालाही होतं. त्याच्या चहात मी हे कधी घातलं नाही."

म्हातारीला हे माहीत असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. ते जरा सैल झाले. डोरीनने विचारलं, "तू काय पोलिसात होतास?"

तेव्हा त्यांनी तिला वडिलांची गोष्ट सांगितली. वडील नागपुरात कापड गिरणीत कामाला, दम्याने बेजार. बाजारात बसणाऱ्या एका बाबाने पुड्या दिल्या, शुद्ध झाडपाला म्हणून. पहिल्याच आठवड्यात दमा पळाला. दोन वर्षं वडील खुशीत होते. हळूहळू चेहरा गोल झाला, सुजला, सगळे म्हणाले तब्येत सुधारली. मग एक दिवस बाबा गाव सोडून गेला, पुड्या संपल्या आणि तीन आठवड्यांत वडील गेले. रविकांत तेव्हा बी.एस्सी.ला होते. नंतर वडिलांच्या खिशात विसरून राहिलेल्या दोन पुड्या सापडल्या. त्यांच्या प्राध्यापकांनी ओळखीने त्या तपासून घेतल्या. झाडपाल्यात कुटलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या निघाल्या. त्या एकदम बंद झाल्या की शरीर कोसळतं.

डोरीन आतून पिशव्या घेऊन आली. मग तिने मलिन आणि थाइम दोन वेगळ्या पिशव्यांत भरून दिलं. "होरहाउंड तुला झेपणार नाही. मी माझ्या चहात घालते, मला सवय आहे. आणि हे कपड्यातून गाळ, मलिनची लव घशाला टोचते."

रविकांतदादांनी कॉफीच्या फिल्टरमधून दोनदा गाळलं. बेसमेंटमध्ये त्यांचं लॅबमधलं जुनं भिंग होतं, त्याखाली पानाचा तुकडा धरून पाहिला. फांद्या फुटलेल्या बारीक केसांचं जाळंच जाळं. लायब्ररीतून आणलेल्या वनस्पतींच्या पुस्तकातल्या चित्राशी ते ताडून पाहिलं. मग पहिल्या दिवशी दोन चमचे, दुसऱ्या दिवशी चार, असं करत वहीत लिहीत गेले. मार्कहॅमला राहणारी मुलगी साक्षी फोनवर हसली. "बाबा, इट्स जस्ट टी. यू आर नॉट टेस्टिंग रॉकेट फ्युएल."

तिसऱ्या आठवड्यात कफ पातळ झाला. नाताळच्या सुमारास सकाळचं खाकरणं थांबलं.

"आठ आठवडे झालेच होते," रविकांतदादा म्हणाले. "आपोआप गेला असेल. नाहीतर गरम पाण्याने."

"गरम पाणी तर मी पहिल्या दिवसापासून देऊन राहिली होती," उमा म्हणाली.

तरी त्या हिवाळ्यात ते डोरीनकडे जाऊ लागले. ती केक द्यायची, हे त्यात काय काय आहे ते विचारायचे, ती सांगायची. त्यांच्या या खोडीची तिला गंमत वाटायची, असं उमा म्हणते.

मग उन्हाळ्यात बिनसलं. डोरीनच्या अंगणातल्या मोठ्या मेपलच्या दोन फांद्या रविकांतदादांच्या गराजच्या छपरावर आल्या होत्या. वादळात पडतील, छप्पर जाईल. त्यांनी तीनदा सांगितलं. डोरीन म्हणायची, "बघू." तो मेपल तिच्या नवऱ्याने लावलेला. ऑगस्टमधल्या एका रविवारी ती चर्चला गेली असताना रविकांतदादांनी माणूस बोलावून आपल्या बाजूच्या फांद्या छाटून घेतल्या. कायद्याने ते चुकले नव्हते, ते त्यांनी आधीच तपासून ठेवलं होतं. डोरीन घरी आली, कुंपणाशी उभी राहिली, पांढऱ्या पडलेल्या छाटाकडे बघत राहिली आणि आत गेली. त्यानंतर तिने हात हलवणंही बंद केलं.

ऑक्टोबरात, इथल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या सोमवारी, उमाला दाराबाहेर बरणी दिसली. बेल वाजवली नव्हती. बरणीला दोरीने बांधलेली चिठ्ठी होती, त्यावर वेड्यावाकड्या अक्षरांत एवढंच. "तुझ्या छातीसाठी." खाली नुसता 'डी'.

"बघा," उमा खूष होऊन म्हणाली. "राग गेला तिचा."

"दोन महिने तोंड बघत नाही, आणि एकदम औषध? तेही दारात ठेवून निघून जाते?"

"तुम्हाला कोणाचंच चांगलं दिसत नाही, बाप्पा."

त्या वेळी त्यांना पुन्हा थोडा कफ झाला होता. मंगळवारी सकाळी त्यांनी एक चमचा पाला उकळला, गाळला आणि एक घोट तोंडात घेतला. कडू लागला. मलिनचा चहा कडू नसतो, कोमट गवतासारखा लागतो, हे त्यांच्या वहीत लिहिलेलं होतं. त्यांनी तो घोट सिंकमध्ये थुंकला, तीनदा चुळा भरल्या आणि बरणी घेऊन बेसमेंटमध्ये गेले.

कागदावर पाला पसरला. गेल्या वर्षीचा थोडा मलिन उरला होता, तो शेजारी ठेवला. काही तुकडे तसेच होते, जाड, लोकरीसारखे. पण बरेचसे वेगळे. पातळ, जास्त हिरवे, खालच्या बाजूला शिरांचं ठळक जाळं, कडेला बारीक दाते. भिंगाखाली केस साधे, सरळ, फांद्या नसलेले. पुस्तकात 'चुकून गोंधळ होऊ शकेल अशा वनस्पती' असं एक पान होतं. त्यावर चित्र होतं फॉक्सग्लव्हचं, त्या उंच दांड्यावर जांभळ्या घंटा लागतात त्या फुलझाडाचं. पहिल्या वर्षी त्याला फुलं येत नाहीत, नुसता जमिनीलगत पानांचा घेर असतो आणि तो मलिनसारखाच दिसतो. त्याच्या पानातून हृदयाचं औषध काढतात. पण ते पान नुसतं पोटात गेलं, तर तेच हृदय बंद पाडतं.

रविकांतदादा खुर्चीत बसून राहिले. डोरीनच्या अंगणात, कुंपणालगत, दर जूनमध्ये जांभळ्या घंटा लागतात हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं.

त्यांनी मला नंतर सांगितलं, "पहिला विचार काय आला माहीत आहे? हिला सगळं कळतं. ज्येष्ठमधाने प्रेशर वाढतं हेसुद्धा हिला माहीत होतं. मग ही चुकेल कशी?"

त्यांनी बरणीतला पाला झिपलॉक पिशवीत भरला. पिशवीवर लॅबमध्ये लावायचे तसं लेबल लावलं. तारीख, वार, वेळ, कुठून मिळाला, कोणी दिला. दुसऱ्या पिशवीत जुना नमुना. चिठ्ठी वेगळ्या पाकिटात. बरणीवर बोटांचे ठसे असतील म्हणून ती कागदी पिशवीत ठेवली. विषबाधेच्या हेल्पलाइनचा नंबर शोधून कागदावर लिहिला, पण फोन केला नाही. आधी पुरावा पक्का करायचा होता. उमाला त्यांनी एवढंच सांगितलं, "डोरीनकडचं काही खायचं नाही. तिच्याशी बोलायचंही नाही."

"काय झालं?"

"सांगेन. आधी माझी खात्री होऊ दे."

बुधवारी त्यांनी साक्षीला फोन केला. तिने ऐकलं आणि पहिल्यांदाच ती हसली नाही. "बाबा, यू थिंक शी ट्राइड टु पॉइझन यू? ओव्हर अ ट्री? दॅट्स क्रेझी. जस्ट गो आस्क हर."

"विचारलं की ती सगळं फेकून देईल."

दिवसभर ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोरीनच्या घराकडे बघत होते. पडद्याची हालचाल दिसली की मागे सरकत. ती आपल्याकडे बघतेय का, आपण अजून धडधाकट फिरतोय हे तपासतेय का, असले विचार. दुपारी ती पडवीत कप हातात घेऊन बसलेली दिसली. रविकांतदादांना तो कप दिसला. त्या कपात काय असेल, याचा विचार मात्र त्यांच्या मनाला शिवला नाही. हे त्यांनीच मला सांगितलं.

गुरुवारी रीसायकलिंगची गाडी येते. सकाळी सातला डोरीन आपला निळा डबा रस्त्याकडेला आणून ठेवते, बारा वर्षांत एकदाही चुकली नव्हती. त्या दिवशी गाडी येऊन गेली तरी तिचा डबा बाहेर आला नाही. रविकांतदादा आपला रिकामा डबा उचलायला गेले आणि तिथेच थबकले. काल तिच्या हातातला कप. ती म्हणाली होती, मी माझ्या चहात होरहाउंड घालते. होरहाउंड इतकं कडू असतं, की त्यात दुसरा कडूपणा मिसळला तरी कळायचा नाही.

"तिथे उभ्या उभ्या मला कळलं," ते म्हणाले. "ती स्वतःच पीत होती."

त्यांनी उमाला हाक मारली आणि धावतच गेले. समोरचं दार बंद, पडवीचं उघडं. डोरीन स्वयंपाकघरात जमिनीवर, कपाटाला टेकून बसली होती. शेजारी उलटी झालेली. शुद्धीवर होती, पण बोलणं जड.

"पाहुणे आले," ती म्हणाली. "भिंती कोणी पिवळ्या केल्या? तुझं तोंडही पिवळं दिसतंय."

"किती दिवस?"

"मंगळवारपासून. मला वाटलं बाहेरच्या पानांचा उजेड असेल. मेपल पिवळा झालाय ना."

या विषाने सगळं पिवळं दिसायला लागतं, हे त्यांनी पुस्तकात वाचलं होतं. त्यांनी नाडी धरली. मिनिटाला बेचाळीस, तेही अडखळत. उमाने नाइन-वन-वन लावला. रविकांतदादा घरी पळाले, बेसमेंटमधून दोन्ही पिशव्या घेऊन परत आले. अँब्युलन्सची माणसं आली तेव्हा त्यांनी पिशवी पुढे केली. "फॉक्सग्लव्ह. मलिनमध्ये मिसळलाय. चहा करून घेतलाय, निदान तीन दिवस, रोज." त्या माणसाने पिशवी घेतली, लेबल वाचलं आणि रेडिओवर तेच शब्द पुढे कळवले.

हॉस्पिटलमध्ये त्या पिशवीमुळे वेळ वाचला, असं तिथल्या डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या. उलट्या आणि मंद नाडी पाहून त्यांना आणखी दहा गोष्टी तपासाव्या लागल्या असत्या. त्यावरचा उतारा हॉस्पिटलमध्ये होता, तो लगेच सुरू केला.

दुपारी ओकव्हिलहून भाची आली. तिचं नाव हेदर, पन्नाशीची, वकील. वेटिंग रूममध्ये तिने रविकांतदादांचे दोन्ही हात धरले, आभार मानले. तेवढ्यात नर्सने नोंदीसाठी पिशव्या बाहेर आणल्या आणि हेदरने लेबल वाचलं. एकदा वाचलं, मग पुन्हा.

"यावर मंगळवारची तारीख आहे," ती म्हणाली. "आज गुरुवार."

रविकांतदादांनी लेबलाकडे पाहिलं.

"म्हणजे तुम्हाला मंगळवारी माहीत होतं?"

"पाल्यात काय आहे ते माहीत होतं."

"आणि शेजारी राहून दोन दिवस तुम्ही तिला सांगितलं नाही? का?"

उमा म्हणते, तेव्हा त्यांनी काहीही कारण दिलं असतं तरी चाललं असतं. खात्री नव्हती, पुस्तक बघत होतो, काहीही. रविकांतदादा म्हणाले, "मला वाटलं, तिने मुद्दाम दिलंय. मला मारायला."

हेदरने त्यांचे हात सोडले. मग तिने जे विचारणं साहजिक होतं ते सगळं विचारलं. पाला भरताना तुम्ही हजर होतात का? तिच्या घराची किल्ली तुमच्याकडे आहे का? झाडावरून भांडण झालं होतं ते तुमच्यातच ना? पडवीचं दार नेहमी उघडं असतं हे तुम्हाला ठाऊक होतं? रविकांतदादांनी प्रत्येक प्रश्नाचं खरं उत्तर दिलं. उत्तर देता देता त्यांच्या लक्षात आलं, की आपल्या बेसमेंटमध्ये आपण दोन दिवस हेच करत होतो. एका चिठ्ठीवरून, एका छाटलेल्या फांदीवरून, एका माणसाला खुनी ठरवत होतो.

"ती बोलण्याइतकी बरी झाली की मीच विचारेन," हेदर म्हणाली. "तोवर तुम्ही इथे थांबू नका."

घरी येताना उमा गाडीत रडली. रविकांतदादांनी स्टीअरिंग घट्ट धरलं होतं.

चौथ्या दिवशी डोरीनला जनरल वॉर्डात हलवलं. भाचीने विचारलं तेव्हा ती म्हणाली, पाला मीच तोडला, मीच वाळवला. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, ऑपरेशनची तारीख जानेवारीतली. मलिन ती डोळ्यांपेक्षा बोटांनीच ओळखायची. पण तो पाला तोडला त्या सकाळी कडाक्याची थंडी होती आणि तिने हातमोजे घातले होते. त्या वर्षी फॉक्सग्लव्हचं बी कुंपणाकडून मलिनच्या वाफ्यात पसरलं होतं. तिच्या दोन पाट्या भरल्या, त्यातला अर्धा पाला तिने स्वतःसाठी ठेवला आणि अर्धा शेजाऱ्याला दिला. दारात बरणी ठेवून ती निघून गेली, कारण झाडाच्या भांडणानंतर तोंड कसं उघडायचं हे तिला कळत नव्हतं.

हेदरने फोन करून हे सगळं रविकांतदादांना सांगितलं. तिचा आवाज अजून कोरडाच होता. "तिला तुम्हाला भेटायचंय."

ते गेले. उमाही सोबत होती. डोरीन उशीला टेकून बसली होती, फार लहान दिसत होती. रविकांतदादांनी माफी मागायला सुरुवात केली. तिने थांबवलं.

"हेदर म्हणाली ते खरं? मी तुला विष घातलं असं तुला वाटलं?"

"हो."

"एका झाडासाठी?"

"हो."

ती खिडकीकडे बघत राहिली. "तुझ्या बापाची गोष्ट ऐकून मी त्या दिवशी रडले होते. तू गेल्यावर." मग म्हणाली, "माझ्या हातून तू मरू शकला असतास. ते मला कळतं. त्याची मला लाज वाटते. पण तू जे समजलास ते मला अजून गिळता येत नाहीये. आज जा तू."

ते घरी परतले. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. डोरीन घरी आली. रविकांतदादा रोज तिचा ड्राइव्हवे साफ करायचे, दार वाजवायचे नाहीत. ती खिडकीत यायची नाही. मंडळात ते एका रविवारी उभे राहिले आणि त्यांनी घडलेलं सगळं सांगितलं, बोटांच्या ठशांसाठी जपून ठेवलेल्या बरणीसकट. कोणीतरी हसलं, तर म्हणाले, "हसू नका. बाई मेली असती."

जानेवारीत तिच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दहा दिवसांनी ती स्वतः रस्ता ओलांडावा तशी दोन्ही बाजूंना बघत त्यांच्या दारात आली. उमाने दार उघडलं.

"तो आहे का घरात? बर्फ वितळला की मला वाफा खणायचाय. पूर्ण. मला एका डोळ्याचा भरवसा नाही, बघायला त्याचे डोळे हवेत."

एप्रिलमध्ये दोघांनी तो वाफा खणला. एकेक रोप ती बोटांनी चाचपायची, आता उघड्या हातांनी, आणि नाव सांगायची. ते भिंगातून बघून हो किंवा नाही म्हणायचे. नऊ फॉक्सग्लव्ह निघाले. तिने मलिनही उपटायला लावला. "मी आता कोणाला काही करून देणार नाही," ती म्हणाली. रविकांतदादांनी एक रोप ठेवावं असं सुचवलं, ती नको म्हणाली. चहा पुन्हा तिने केला नाही. खोकला झाला तर मेडिकल स्टोअरमधून काहीतरी आणायची आणि काही उपयोग नाही म्हणून कुरकुरायची.

जूनमध्ये तिने घर विकलं आणि ओकव्हिलला, भाचीच्या घराजवळच्या ज्येष्ठांच्या निवासात राहायला गेली. हेदर अजूनही रविकांतदादांशी फार बोलत नाही. दार उघडते, मान हलवते, आत जाते. त्यांना ते मान्य आहे. "तिच्या जागी मी असतो तर मीही माझ्यावर विश्वास ठेवला नसता," असं ते म्हणतात.

महिन्यातून एकदा ते डोरीनला भेटायला जातात. मागच्या वेळी मीही गाडीत होते. ती तळ्याकाठच्या बाकावर बसली होती, अंगावर शाल. दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालंय. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग रविकांतदादांकडे, बराच वेळ.

"तू म्हातारा झालास," ती म्हणाली. "मला वाटत होतं, तू साठीचाही नसशील."

"आधी नीट दिसत नव्हतं तुम्हाला," ते म्हणाले.

"आणि पुढच्या वेळी बुधवारी येऊ नकोस. बुधवारी आमचा बिंगो असतो. गुरुवारी ये."

त्यांनी खिशातून फोन काढला आणि गुरुवार लिहून घेतला.